पुरस्कार आणि प्रश्न

इस्रायलमधील क्यूबाचे माजी राजदूत रिकार्डो वुल्फ यांच्या प्रतिष्ठानने १९७८ पासून वुल्फ पुरस्कार सुरू केले. कलेचा पुरस्कार चित्रकला, संगीत, वास्तुकला आणि शिल्पकला यांना आळीपाळीने मिळतो. १९८१ मध्ये चित्रकार मार्क शागाल पहिल्या मानकऱ्यांपैकी एक ठरले. पुढे आपल्या मुंबईचे झुबिन मेहताही.

मानवजातीचे हित आणि लोकांलोकांतील मैत्री हा या पुरस्काराचा हेतू. २००४ मध्ये पियानोवादक डॅनियल बॅरेनबॉइम यांनी तो मनावर घेतला. इस्रायलच्या संसदेत पुरस्कार स्वीकारताना त्यांनी १९४८ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील समतेच्या वचनाची आठवण दिली आणि विचारले, दुसऱ्यांच्या भूमीवरचा ताबा या वचनात बसतो का? शिक्षणमंत्र्यांनी तिथेच नाराजी व्यक्त केली. बॅरेनबॉइम यांनी मात्र पुरस्काराची रक्कम इस्रायल आणि रामल्ला, दोन्हीकडच्या संगीतशिक्षणासाठी देऊन टाकली.