काळ्या रानातली पेठ

लातूरला कधी गेलात, तर गंजगोलाईत घटकाभर उभे राहा. मधोमध अंबाबाईचे देऊळ, भोवती दुमजली गोल इमारत, आणि तेथून चहूकडे फुटलेले सोळा रस्ते! फैयाजुद्दीन यांनी हिचा आराखडा केला; इमारत १९१७ सालची. कोठे सोने, कोठे चपला, कोठे गूळ-मिरची. नुसत्या वासावरून रस्ता ओळखावा म्हणा ना!

पण ही पेठ पोसली ती भोवतालच्या काळ्या रानाने आणि बार्शी लाइट रेल्वेने. अडीच फुटी रुळांवरची ती चिमुकली गाडी १९११ साली निजामाच्या मुलखातल्या या गावी पोहोचली. खेड्यांतून बैलगाड्यांनी आलेली पोती आता कुर्डुवाडीच्या मोठ्या लायनीला लागू लागली. अडत्या, हमाल, गाडीवान, सगळ्यांची चूल त्या पोत्यांवर. आणि पोते भरणार पावसावर.

तो पाऊस रुसला की काय होते, हे २०१६ साली दिसले. मांजरा धरण आटले. १२ एप्रिलला मिरजेहून, कुर्डुवाडीवरूनच, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातुरात आले. रूळ एव्हाना रुंद झाले होते. पाणी मात्र पिण्यापुरतेच. रान तसेच कोरडे होते.