बुलेटवरून कामावर

बुलेट ही हौसेची, मिरवायची गाडी, असा समज आज पक्का झाला आहे. इतिहास मात्र तिला कामाची गाडी ठरवतो. सरहद्दीवरच्या गस्तीसाठी लष्कराने 350 सीसीच्या बुलेटची मागणी नोंदवली आणि त्यातूनच 1955 मध्ये मद्रास मोटर्स व इंग्लंडच्या रॉयल एनफिल्डने मिळून मद्रासला कंपनी काढली. लष्करामागोमाग पोलीस आले. मोठी चाके, संथ लयीचे फोर-स्ट्रोक इंजिन आणि गावच्या मिस्त्रीलाही उलगडणारी रचना, या जोरावर ती कंत्राटदाराच्या आणि दूधवाल्याच्याही दारी पोचली.

कोणी म्हणेल, नोकरदार तर स्कूटरवर जात होता. खरेच आहे, शहरात बजाजचे राज्य होते आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. पण स्कूटरची लहान चाके खड्ड्यांत दगा देत. तालुक्याच्या रस्त्यावर रोज लांबचा पल्ला मारणाऱ्याला बुलेटचा भरवसा मोठा होता. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि थोड्या पेट्रोलात लांब जाणाऱ्या या हलक्या गाडीने रोजच्या प्रवासाचे गणितच बदलले. बुलेट मागे पडली. 1994 मध्ये कंपनी आयशरच्या ताब्यात गेली. बुलेटचे आजचे हौशी रूप बहुतांशी त्यानंतरचे आहे.