पांढरीची माती

प्रकाशा म्हटलं, की खानदेशातल्या माणसाला दक्षिणकाशी आठवते. तापी-गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ, काठावर चाललेले विधी. वडिलांच्या अस्थी घेऊन मीही तिथे गेलो होतो. सगळं आटोपल्यावर गावचं जुनं टेकाड पाहायला गेलो.

१९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केलं. तेव्हा हा भाग पश्चिम खानदेशात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. घरावर घर, चुलीवर चूल असं साचत साचत इथे सुमारे १७ मीटर जाडीचा थर झाला होता.

अगदी तळाशी होते साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी. तांबं त्यांना ठाऊक होतं, पण ते थोडं. रोजचं काम दगडी पात्यांवर चाले. बोटाएवढी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत बसवली, की विळा तयार. म्हणून हे ताम्रपाषाणयुग. जगात अनेक ठिकाणी शेती नवाश्मयुगात, धातू येण्याआधी सुरू झाली. महाराष्ट्रात आपल्याला भेटतात ते पहिले शेतकरी मात्र तांबं ओळखणारे आहेत.

त्यांची भांडी आधी माळव्याच्या धाटणीची. नंतरच्या थरात त्यांच्या जोडीला प्रवराकाठच्या जोर्वे गावावरून ओळखली जाणारी भांडी येतात, आणि गुजरातकडची चकचकीत तांबडीही. तिन्हीकडच्या वाटा तापीकाठी मिळत होत्या, हे कळायला शिलालेख लागला नाही. फुटकी खापरं पुरली. अर्थात, कोणतं खापर कोणत्या थरात होतं, याची नोंद झाली म्हणून.

आता माझी गोष्ट सांगतो. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती मिसळून वस्तीची माती पांढुरकी होते आणि पिकाला मानवते. आमच्या गावाबाहेर अशीच एक ओसाड पांढरी होती. लहानपणी तिथली माती मी घमेल्यानं बैलगाडीत भरली आहे. खापरं निघत, ती आम्ही बाजूला भिरकावत असू. गाडी हाकायला वडील असत. त्यांना दोष कसा देऊ? ज्वारी चांगली आली, की त्यातूनच माझी फी भरली जाई.

आज तिथे सपाट वावर आहे. त्या पांढरीवर कोण राहत होतं, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

तुमच्या शिवारात असं टेकाड असेल, खापरं दिसत असतील, तर माती उचलण्याआधी पुरातत्त्व खात्याला किंवा तहसील कचेरीत कळवा. खत दुसरीकडून आणता येतं. विस्कटलेले थर पुन्हा रचता येत नाहीत.