मुलांच्या मनाची विचारपूस



भिवापूर म्हटलें कीं आपणांस तेथील तांबडी मिरची आठवते. आज मात्र मी तुम्हांला बाजारांत नव्हे, तर अशा तालुक्याच्या गांवीं असणाऱ्या सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर नेणार आहें. कल्पना करा, पंधरा वर्षांचा मुलगा डोकें दुखतें म्हणून येतो, गोळी घेतो आणि परत जातो. झोप लागते का, खेळांत मन रमतें का, हें त्याला कोणीं विचारिलेलें नसतें.

ही विचारपूस उशिरां कां सुरू झाली, यास इतिहास आहे. नागपुरास मनोरुग्णालय निघालें तें १८६४ सालीं. त्या काळीं वेडाचा विचार मुख्यतः बंदोबस्ताच्या दृष्टीनें होई; १९१२ च्या कायद्यानेंही बव्हंशीं तोच मार्ग धरिला. नुसता उदास झालेला मुलगा कोणाच्या हिशेबींच नव्हता. मनाचे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळावेत, हें तत्त्व १९८२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानें मान्य केलें. पुढें २०१४ सालीं १० ते १९ वर्षांच्या मुलांसाठीं स्वतंत्र कार्यक्रम आला आणि मानसिक आरोग्यास त्यांत स्थान मिळालें.

विचारण्याचें साधनही तयार होतें. गेल्या पंधरवड्यांतील उदासी, झोप, भूक यांविषयीं नऊ प्रश्नांची यादी अमेरिकेंत २००१ सालीं प्रसिद्ध झाली. २००९ सालीं तेथील तज्ज्ञमंडळानें १२ ते १८ वर्षांच्या मुलांची नैराश्यासाठीं चाचणी करावी, असें सुचविलें. परंतु निदान, उपचार व पाठपुरावा यांची सोय असेल तरच!

या अटींतच सारें मर्म आहे. आपल्या विदर्भांत, अमरावती जिल्ह्यांतील तीस गांवांत ‘विश्राम’ नांवाचा प्रयोग झाला. गांवांतल्याच कार्यकर्त्यांनीं मदत दाराशीं नेली. दीड वर्षांत, नैराश्यानें ग्रासलेल्यांपैकीं उपचार घेणारांचें प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलें. तीं प्रौढ माणसें होतीं. पण मदत जवळ आली म्हणजे माणूस बोलूं लागतो, हा धडा मुलांसही लागू पडतो.

म्हणून मुलास एकांतांत विचारावें, आणि उत्तर ऐकण्याची तयारी ठेवूनच विचारावें. जीव नकोसा झाला, असें तो म्हणाला तर त्यास रागें भरूं नये, एकटें सोडूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनेंही सल्ला मिळतो. प्रश्न विचारणें सोपें आहे, श्रोतेहो. उत्तर मिळाल्यावर त्या मुलापाशीं थांबणें, हेंच खरें काम.