थंड हवेच्या ठिकाणी घर घेताना परिसर कसा निवडावा?

(विशेष प्रतिनिधी)

मुंबई-पुण्याच्या धकाधकीतून सुटका म्हणून लोणावळा, पाचगणी किंवा महाबळेश्वरला एखादे छोटेसे घर असावे, हे अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांचे जुने स्वप्न आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि हे स्वप्न शनिवार-रविवारच्या टप्प्यात आले. मात्र शहरात सदनिका घेताना स्टेशन किती दूर, शाळा कोणती, पाणी किती वेळ येते याची बारकाईने चौकशी करणारा ग्राहक डोंगरावर गेला की बाल्कनीतून दिसणाऱ्या दरीवरच भाळतो. वास्तविक, डोंगरावर दोन किलोमीटरच्या अंतराने पाऊस, वारा, पाणी आणि कायदाही बदलतो. त्यामुळे 'कोणत्या गावात' यापेक्षा 'गावाच्या कोणत्या भागात' हा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा ठरतो. निवृत्तीनंतरची पुंजी गुंतवली जाणार असेल तर तो अधिकच काळजीपूर्वक सोडवायला हवा.

पाऊस कोठे किती?

सह्याद्रीच्या माथ्यावरील पाऊस पश्चिमेकडील कड्यावर सर्वाधिक असतो आणि पूर्वेकडे सरकावे तसा झपाट्याने कमी होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अवघ्या 19 किलोमीटरवरील पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. लोणावळा-खंडाळ्यात चार हजार मिलिमीटरचा टप्पा सहज ओलांडला जातो, तर त्याच मावळ तालुक्यात पूर्वेला असलेल्या वडगाव-तळेगावात पाऊस बराच कमी असतो. दि. 22 जुलै 2021 रोजी महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. पुण्यात वर्षभरात पडणाऱ्या सरासरी पावसाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास भरणारे हे प्रमाण एका दिवसाचे होते.

याचा घराशी थेट संबंध आहे. पावसाळ्याचे चार महिने बंद राहणाऱ्या घरात बुरशी, ओल आणि गंज ठरलेला असतो. महाबळेश्वरात जुन्या बंगल्यांच्या भिंती पावसाळ्यापूर्वी गवताने झाकण्याची पद्धत पडली, ती हौसेपोटी नव्हे. घराचा वापर प्रामुख्याने सुट्टीपुरता होणार असेल, तर कड्यापासून थोडे पूर्वेला, कमी पावसाच्या बाजूस असलेली वस्ती देखभालीच्या दृष्टीने परवडते. दरीचे दृश्य हवेच असेल, तर दरवर्षीचा रंग, गळती आणि लाकूडकामाचा खर्चही त्यासोबत येणार, हे गृहीत धरावे.

लोणावळा-खंडाळा : सोय आणि गर्दी

रेल्वे, जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि द्रुतगती मार्ग अशी तिहेरी सोय असलेले राज्यातील हे एकमेव मोठे थंड हवेचे ठिकाण. पुण्याहून येथपर्यंत लोकल गाड्या धावतात. त्यामुळे गाडी चालवणे नको असलेल्या ज्येष्ठांसाठी स्टेशन व बाजारपेठेलगतच्या जुन्या वस्त्या सोयीच्या ठरतात. भांगरवाडीसारख्या भागात बारमाही राहणारी कुटुंबे आहेत; किराणा, डॉक्टर, औषधे आणि शेजार यांची वानवा नाही. तुंगार्ली आणि वळवण हे भाग बंगल्यांसाठी प्रसिद्ध असून द्रुतगती मार्गाला जवळ आहेत. पण तेथील अनेक बंगले भाड्याने दिले जातात. शनिवारी रात्री शेजारी कोण असेल आणि ध्वनिक्षेपक किती वाजता बंद होईल, याचा अंदाज घेतल्याशिवाय येथे व्यवहार करू नये.

खंडाळा घाटाच्या अगदी तोंडाशी आहे. तेथील दृश्य अप्रतिम असले तरी धुके आणि दमट हवा यांचा मुक्कामही तेथेच अधिक. दमा किंवा सांधेदुखीचा त्रास असलेल्यांनी पावसाळ्यात आठ दिवस भाड्याने राहून पाहावे. भुशी धरणाकडून लायन्स पॉइंट व अँबी व्हॅलीच्या दिशेने जाणारा रस्ता पावसाळी सुट्ट्यांत वाहनांनी तुंबतो. जून 2024 च्या अखेरीस भुशी धरणाच्या वरच्या बाजूस असलेल्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. असे निर्बंध किंवा वाहतूक बदल लागू झाले की या रस्त्यावरील रहिवाशांनाही त्यांचा फटका बसतो. याच परिसरात नौदलाचे 'आयएनएस शिवाजी' हे प्रशिक्षण केंद्र आहे. संरक्षण आस्थापनांच्या हद्दीलगत बांधकामांवर मर्यादा असतात, हेही ध्यानात ठेवावे.

महाबळेश्वर-पाचगणी : हवा छान, नियम कडक

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 17 जानेवारी 2001 च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणीचा सुमारे 124 चौरस किलोमीटर परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. तीव्र उतारावरील बांधकाम, वृक्षतोड, जमिनीच्या वापरातील बदल, भूजलाचा उपसा यांवर तेथे निर्बंध आहेत. 'बंगला बांधून तयार आहे, कागद नंतर होतील', असे सांगणाऱ्यापासून येथे चार हात दूर राहणेच इष्ट. कारण अनधिकृत ठरलेल्या बांधकामावर हातोडा पडला, तर नुकसान शेवटच्या खरेदीदाराचेच होते.

महाबळेश्वरातील अनेक जुने बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. अशा मिळकतीत पट्ट्याची मुदत किती उरली आहे, नूतनीकरण झाले आहे का, हस्तांतरास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक आहे का, हे तपासणे अनिवार्य आहे.

बारमाही राहायचे असेल तर पाचगणी अधिक सोयीची. निवासी शाळांमुळे गावाला वर्षभर जाग असते, पाऊस बेताचा असतो आणि पसरणी घाट उतरला की वाईची बाजारपेठ जवळ आहे. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या दरम्यानच्या रस्त्यालगतही घरे विक्रीस असतात. 2017 मध्ये 'पुस्तकांचे गाव' म्हणून नावारूपास आलेले भिलार याच पट्ट्यात आहे. ही गावे शांत असली तरी त्यांच्या जमिनी मुख्यतः शेतीच्या आहेत. स्ट्रॉबेरीच्या मळ्यालगत घर असण्याची कल्पना रम्य खरी. पण तो मळा बिगरशेती झाला आहे का, हा पहिला प्रश्न असावा.

माथेरान आणि त्याचा पायथा

माथेरान व परिसरही फेब्रुवारी 2003 पासून संवेदनशील क्षेत्र आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटारींना प्रवेश नाही. ही शांतता हेच माथेरानचे वैभव आणि राहणाऱ्याची परीक्षाही. सिलिंडरपासून सिमेंटच्या पोत्यापर्यंत प्रत्येक वस्तूच्या वाहतुकीचा वेगळा खर्च येतो आणि आजारी माणसास खाली नेण्यास वेळ लागतो. म्हणून अनेक जण नेरळ-कर्जतच्या पायथ्याशी घर पाहतात. तेथे रेल्वे जवळ असली, तरी हवा थंड हवेच्या ठिकाणची नसते. उन्हाळ्यात तेथील दुपार मुंबईपेक्षाही तापलेली असते. शिवाय संवेदनशील क्षेत्राची हद्द पायथ्याच्या काही गावांपर्यंत पोहोचते. जाहिरातीत 'माथेरानच्या कुशीत' असे लिहिले असेल, तर गट क्रमांक घेऊन ती हद्द नकाशावर पडताळावी.

उताराची परीक्षा

दि. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. 22 जुलै 2021 रोजी रायगडमधील तळीये आणि 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी यांच्यावर तीच आपत्ती कोसळली. तिन्ही दुर्घटना जुलैमधल्या, आणि तिन्ही अतिवृष्टीनंतरच्या. घर पाहायला जाणारे मात्र दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत जातात, जेव्हा डोंगर स्थिर आणि देखणा दिसतो.

म्हणून परिसराची एक भेट जुलैत ठरवावी. घराच्या मागील उतार किती तीव्र आहे, तो रस्त्यासाठी किंवा पायासाठी अलीकडे कापला आहे का, पाणी वाहून नेणारे जुने ओढे बुजवून त्यावर भूखंड पाडले आहेत का, हे पाहावे. जमिनीला पडलेल्या नव्या भेगा, कललेली झाडे व विजेचे खांब, अचानक गढूळ झालेला झरा, फुगलेली संरक्षक भिंत ही धोक्याची चिन्हे मानली जातात. संरक्षक भिंतीत पाणी बाहेर पडण्यासाठी छिद्रे ठेवलेली असावीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने दरडप्रवण भागांचे नकाशे तयार केले आहेत. ते पाहावेतच, शिवाय बांधकाम अभियंत्याकडून जागेची पाहणी करून घ्यावी. त्याची फी घराच्या किमतीच्या तुलनेत नगण्य असते.

मे महिन्यातील पाणी

दुसरी भेट मे महिन्याच्या मध्यास असावी. इतका पाऊस पडूनही डोंगरमाथ्यावर उन्हाळ्यात टंचाई भासते. कारण पाणी उतारावरून वाहून जाते आणि कठीण कातळात फारसे मुरत नाही. महाबळेश्वर-पाचगणीची भिस्त वेण्णा तलावावर, तर माथेरानची शार्लोट तलावावर आहे. पर्यटकांची गर्दी आणि तलावाचा तळ हे एकाच महिन्यात गाठतात. संकुलास नगरपरिषदेची नळजोडणी आहे की सारे टँकरवर चालते, हे विक्रेत्याला न विचारता शेजाऱ्यांना विचारावे. याच भेटीत रात्रीचा वीजपुरवठा, मोबाइलची रेंज आणि चोवीस तास उघडे असलेले जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, याचीही नोंद घ्यावी.

कागदपत्रे कोणती?

- शेतजमीन शेतकरी नसलेल्या व्यक्तीस सर्वसाधारणपणे खरेदी करता येत नाही. सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार आणि बिगरशेती आदेश पाहावा.
- सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2', खासगी वन अथवा आदिवासी खातेदाराची नोंद असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना व्यवहार अडचणीत येतो.
- भूखंड कोणत्या विभागात येतो याचा झोन दाखला घ्यावा. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतून गिरिस्थान नगरपरिषदा, अधिसूचित संवेदनशील क्षेत्रे आणि लोणावळा नगरपरिषद वगळण्यात आली. त्यामुळे पुण्यातील नियम तेथे गृहीत धरू नयेत.
- महारेराची नोंदणी तपासावी. 500 चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. डोंगरावरील कित्येक छोटे प्रकल्प या सवलतीत बसतात. तेथे वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल घेणे हाच आधार उरतो.

नव्या नगरींचा धडा

आयत्या रस्त्यांचे, बागांचे आणि सुरक्षारक्षकांचे आकर्षण वाटून अनेक जण खासगी गिरिनगरीकडे वळतात. वरसगाव धरणाच्या काठी उभ्या राहिलेल्या लवासाच्या बांधकामास नोव्हेंबर 2010 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने स्थगिती दिली आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. घरे घेणाऱ्यांना त्याची झळ सोसावी लागली. जुन्या गावात रस्ता व पाणी देण्याची जबाबदारी नगरपरिषदेची असते. खासगी नगरीत ती कंपनीची असते, आणि कंपनी अडचणीत आली की रस्ताही अडचणीत येतो. देखभाल शुल्क कोण आकारते आणि सोसायटीची नोंदणी झाली आहे का, याची शहानिशा म्हणूनच आवश्यक ठरते.

घर भाड्याने देऊन हप्ते फेडण्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी सोसायटीचे नियम आधी वाचावेत. अल्पमुदतीच्या भाड्यास मनाई असलेली संकुले आहेत. ज्यांना शांतता हवी आहे, त्यांनी नेमकी तीच निवडावीत. सुट्टीपुरते घर हवे असेल, तर देखभाल करणारा विश्वासू माणूस ज्या वस्तीत मिळतो ती वस्ती चांगली. बारमाही राहायचे असेल, तर पावसाळ्यातील मंगळवारी संध्याकाळी ज्या गल्लीतील घरांत दिवे लागलेले दिसतात, ती गल्ली चांगली.