गुलाब: फूल की पाणी?

पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात गुलाबदाणी म्हणजे काय, हे कुणाला सांगायला नको. लग्नमंडपात पाहुण्यांवर तिच्यातून सुवासिक पाणी शिंपडतात. फारसीत ‘गुलाब’ हे त्या पाण्याचंच नाव: गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. आपण पाण्याचं नाव फुलाला दिलं आणि पाण्याला ‘गुलाबपाणी’ म्हणू लागलो. अरबीत त्याचाच ‘जुलाब’ झाला. आधी गुलाबाचं सरबत, मग रेचक. इंग्रजीतलं ‘ज्यूलेप’ हे गोड पेयही त्याच घरातलं.

अनुवादाची खरी कसोटी लागते कवितेत. हाफिजच्या गझलेतला ‘गुल’ एकाच वेळी फूल, गुलाब आणि मानी प्रिय व्यक्ती असतो. बुलबुल त्याच्यासाठी झुरतो. इंग्रजीत ‘रोझ’ लिहिलं की फूल आणि गुलाब यांच्यातली ती सरमिसळ जाते. ‘नाइटिंगेल’ मात्र चपखल, कारण पक्षी तोच. मराठीत नेमकं उलटं: शब्द तोच, पण कोका अभयारण्याच्या झुडपांत किलबिलणारा लालबुड्या बुलबुल तो नव्हे.

म्हणून माधव जूलियनांचं मला फार मोल वाटतं. ते फारसीचे प्राध्यापक. १९२५ चा ‘फार्शी-मराठी कोश’ त्यांचाच. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी थेट फारसीतून मराठीत आणल्या आणि फिट्झजेराल्डच्या गाजलेल्या इंग्रजी रूपांतरावरून ‘द्राक्षकन्या’ वेगळी रचली. अनुवादात काय निसटतं ते पाहायचं असेल, तर ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत.