लोखंडी बॅरनची अट

१८७२चा सप्टेंबर. फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या मधल्या कियांतीच्या डोंगरात, ब्रोलिओच्या गढीखालच्या उतारावर तुम्ही उभे आहात. पायाखाली गालेस्त्रो, पापुद्रे सुटणारा ठिसूळ दगड. समोर सांजोव्हेसेचे घड. गढीतली माणसं त्याला सांजोव्हेतो म्हणतात. एक मणी तोंडात टाका. पातळ साल, आंबट रस आणि हिरड्यांना धरून बसणारा तुरटपणा. हे द्राक्ष उशिरा पिकतं आणि तोवर पाऊस आला तर लगेच कुजतं. इतके नखरे सोसूनही इथला शेतकरी ते लावतो, कारण वाइन झाल्यावर त्याला आंबटगोड चेरीचा वास येतो.

शेजारी कानायोलो. गोडसर, मवाळ. बोरूच्या चटयांवर पसरलं तर न कुजता सुकतं. अशा सुकवलेल्या द्राक्षांचा रस नव्या वाइनमध्ये घालून ती पुन्हा आंबवायची इथली जुनी रीत आहे.

आता गढीत चला. बेत्तीनो रिकासोली पत्र लिहिताहेत. काव्हूरनंतर इटलीचे पंतप्रधान झालेले, लोक ज्यांना लोखंडी बॅरन म्हणतात ते. वय ६३. पत्र पिसा विद्यापीठातल्या प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना. खांद्यावरून वाचा. सांजोव्हेतोकडून सुगंध आणि जोम घ्यायचा. कानायोलोचा गोडवा त्याचा कडकपणा मोडतो, सुगंधाला मात्र धक्का लावत नाही. तिसरं मालव्हाझिया, हे पांढरं द्राक्ष. त्याने वाइन हलकी होते, रोजच्या जेवणासोबत लवकर पिण्याजोगी. पण मुरवायच्या वाइनमध्ये ते टाळलेलंच बरं.

सगळ्या पत्रात मला ही अटच मोलाची वाटते. वाइन कधी प्यायची हे आधी ठरवा आणि मग द्राक्षं निवडा, असं बॅरन सांगताहेत.

९५ वर्षं पुढे या. १९६७. कियांतीचे सरकारी नियम ठरलेत: किमान १० टक्के पांढरी द्राक्षं हवीतच, ३० टक्क्यांपर्यंत चालतील. मुरवायची वाइन असो वा रोजची, सक्ती सगळ्यांना. मिश्रण राहिलं, अट गळाली. गवताने वेढलेल्या बाटलीतून ओतून घ्या. कित्येकदा हाती येते ती फिकट, पाणचट वाइन. ज्यांना हे सोसवेना त्यांनी कियांती हे नावच सोडलं. वाइन बनवणाऱ्या आंतिनोरी घराण्याने आपली १९७१ची तिन्यानेल्लो ही वाइन साधी टेबल वाइन म्हणून विकली. १९७५पासून तिच्यात पांढरं द्राक्ष उरलंच नाही.

२००६ला या. कियांती क्लासिकोत, म्हणजे ब्रोलिओ असलेल्या मूळ पट्ट्यातल्या वाइनमध्ये, पांढऱ्या द्राक्षांना बंदी, सांजोव्हेसे किमान ८० टक्के. मुरणाऱ्या वाइनच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पण बॅरनने मालव्हाझियाला रोजच्या ताटाशेजारी जागा दिली होती, तीही त्यासोबत गेली, याची मला खरोखर हळहळ वाटते. क्लासिकोबाहेरच्या विस्तीर्ण कियांती पट्ट्यात पांढरी द्राक्षं १० टक्क्यांपर्यंत अजून चालतात. तिथली एखादी कोवळी, मालव्हाझिया घातलेली बाटली शोधा आणि मुरवत न ठेवता त्याच रात्री जेवताना संपवा.